सतरा नंबरचं बोलणं

एकतीस वर्षं मी कोर्टात स्टेनो होतो आणि त्या एकतीस वर्षांत एकही शब्द पदरचा घातला नाही. साक्षीदार ‘हं’ म्हणाला तर ‘हं’ लिहिलं, खोकला तर ‘खोकला’ लिहिलं. नावाजलेले वकील माझ्या टेबलाशी येऊन गोडगोड बोलायचे, "अहो, अशिलाला तसं म्हणायचं नव्हतं हो." मी सांगायचो, "काय म्हणायचं होतं ते तुम्ही बघा. काय म्हणाला ते माझ्याकडे आहे." हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून तुम्हाला वाटेल की हा माणूस पहिल्यापासूनच कामात ढिला असणार. मी ढिला नव्हतो. मी चांगलाच खडूस होतो.

रिटायर झालो आणि सहा महिन्यांत बायको गेली. तिला माझं अर्धं वाक्य पुरायचं. "माझा तो..." म्हटलं की चष्मा हातात. "उद्या त्यांना..." म्हटलं की, "केलाय फोन." चौतीस वर्षांच्या संसारात मी घरात पुरी वाक्यं बोललो असेन तर ती तिच्या माहेरच्यांसमोर. ती गेल्यावर पहिल्याच आठवड्यात कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो आणि म्हणालो, "ते द्या." दुकानदार माझ्याकडे बघत राहिला. मीही त्याच्याकडे बघत राहिलो. याला कळत कसं नाही, हेच मला कळेना. शेवटी हात हलवत घरी आलो, दार लावलं आणि ढसाढसा रडलो. साबण हवा होता, दुसरं काही नाही.

घरी बोलायला कोणी नाही म्हटल्यावर माणूस मिळेल ते काम धरतो. मला मिळालं ते ऐकण्याचं. विद्यापीठात एक विभाग आहे, लहान मुलं बोलायला कशी शिकतात याचा अभ्यास करणारा. पद्धत अशी की त्यांनी घरोघरची काही मुलं निवडलेली असतात. महिन्यातून एक दिवस मुलाला सकाळी एक खास जाकीट घालायचं. जाकिटाच्या छातीवरच्या खिशात काडेपेटीएवढा रेकॉर्डर. दिवसभर मूल जे काही बोललं, त्याच्याशी कोणी जे काही बोललं, ते सगळं त्यात साठतं आणि आमच्याकडे येतं. आम्ही हेडफोन लावायचे आणि लिहून काढायचं. मुलांना नावं नाहीत, नंबर आहेत. रेकॉर्डिंगमध्ये नाव आलं की तेवढा आवाज पुसलेला असतो. पत्ता कळत नाही, फोटो दिसत नाही. मोठ्यांचे आपसातले रुसवेफुगवे कानावर पडले तर लिहायचे नाहीत, बाहेर बोलायचे तर मुळीच नाहीत.

विभागाच्या मॅडम माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असतील. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "काका, मुलाला काय म्हणायचं होतं ते लिहायचं नाही. काय म्हणालं तेवढंच लिहायचं. कळलं नाही तर सरळ फुली मारायची. फुली मारायला लाजू नका."

मला हसू आलं. बाई मला माझाच धंदा शिकवत होत्या.

मला सतरा नंबर मिळाली. तेव्हा ती चौदा महिन्यांची होती. नाव पुसलेलं असलं तरी तिची आई तिला लाडानं ‘ठमे’ म्हणायची, आणि ठमी हे काही नाव नाही असं समजून मशीननं ते पुसलं नव्हतं. तेव्हा माझ्यापुरती ती ठमीच झाली.

एखाद्या माणसाचं नुसतं ऐकत राहणं ही काय चीज आहे ते केल्याशिवाय कळत नाही. रेकॉर्डर छातीवर, त्यामुळे तिचा श्वास ऐकू यायचा, उचकी ऐकू यायची, दूध पिताना घशाचा घुटकन आवाज व्हायचा तोही. ती कशी दिसते मला ठाऊक नव्हतं, पण तिला सर्दी होणार हे तिच्या आईच्या आधी मला कळायचं. पंधराव्या महिन्यात तिला ‘भूभू’ सापडला. आधी कुत्रा भूभू झाला, मग मांजर भूभू, मग बापाची केसाळ टोपी भूभू. मॅडम म्हणाल्या, सगळी मुलं असंच करतात, हातात एकच शब्द असला की तो सगळ्या जगाला घालून बघतात. दिव्याला ती ‘बॅ’ म्हणायची. का, ते देव जाणे. मीही संध्याकाळी घरी दिवा लावताना ‘बॅ’ म्हणायला लागलो. ऐकायला कोण होतं?

सगळ्यात मला आवडायची ती तिची सकाळ. उठल्यावर आई जाकीट घालून तिला परत पाळण्यात ठेवायची आणि चहा करायला जायची. मग ठमी एकटीच बोलत पडायची. "बाबा. बाबा गे. बाबा गेये. गेये बाबा. नाई बाबा." कोणाला सांगायचं नसायचं, काही मागायचं नसायचं. आदल्या दिवशी कानावर पडलेलं उलटून पालटून बघायची. मॅडमनी सांगितलं की हा सराव असतो, मुलं एकटी असताना भाषेचा सराव करतात. असेल. मीही घरी एकटा बोलायचो, पण तो कसला सराव होता ते मला अजून उमगलेलं नाही.

तिच्या एका दिवसाचं लिहून काढायला मला तीन आठवडे लागायचे. चौथ्या आठवड्यात शब्द मोजायचे. त्या महिन्यात तिनं किती वेगवेगळे शब्द वापरले तो आकडा मॅडमच्या खोलीतल्या आलेखावर चढायचा. आलेखाला एक नियम होता. लागोपाठ दोन महिने रेघ खाली गेली तर मॅडम त्या घरी पत्र पाठवत, मुलाचे कान तपासून घ्या, डॉक्टरांना दाखवून घ्या म्हणून. माझ्या ठमीची रेघ कधी खाली गेली नाही. अठराव्या महिन्यात चोपन्न शब्द, विसाव्यात अठ्ठ्याऐंशी, पंचविसाव्यात एकशे एकतीस. बाहेरचे पाहुणे आले की मॅडम तीच रेघ दाखवायच्या. मी आपला काही ऐकलं नाहीसं दाखवून माझ्या टेबलाशी बसलेला असायचो, पण छाती फुगायची.

पंचविसाव्या महिन्यानंतर आमच्या खोलीत एक नवी मुलगी आली. नुकती शिकून बाहेर पडलेली, तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलेली. खिडकीशेजारचं टेबल तिला मिळालं म्हणून मी तिला मनातल्या मनात खिडकीवाली म्हणायचो. बोलायला कमी, कामात चिकट. आमच्याकडे अशी पद्धत आहे की अधूनमधून एकाच रेकॉर्डिंगची दहा मिनिटं दोघांना स्वतंत्रपणे द्यायची आणि दोघांचे कागद जुळवून बघायचे. शंभरात नव्वदच्या आसपास जुळलं पाहिजे. माझे कागद सुरुवातीला दोनदा जुळले, मग कोर्टातला माणूस म्हणून कोणी तपासलेच नाहीत. मॅडमनी ठमीच्या ताज्या, सव्विसाव्या महिन्यातली दहा मिनिटं तिला दिली. माझ्या कागदावर त्या दहा मिनिटांत सदतीस शब्द होते. तिच्या कागदावर नऊ, आणि बाकी सगळ्या फुल्या.

मॅडमनी दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. "काका एकतीस वर्षं कोर्टात होते," त्या तिला म्हणाल्या. "तू शिकवणीची रेकॉर्डिंग्ज पुन्हा पहिल्यापासून ऐक. आणि हे पुन्हा झालं तर मला तुझ्याबद्दल विचार करावा लागेल."

मुलगी लालबुंद झाली. "हो मॅडम," एवढंच म्हणाली.

मॅडम गेल्यावर मला उदार व्हायची हुक्की आली. म्हटलं, बिचारी नवीन आहे, हिला जरा शिकवू या.

"ये अशी," मी म्हणालो. "कान तयार व्हायला वेळ लागतो. हे ऐक. काय म्हणतेय?"

तिनं ऐकलं. "काका, खरं सांगू? नुसतं ‘ए-ऊ ए’ ऐकू येतंय."

"अगं, ‘चेंडू दे’ म्हणतेय ती!"

"तुम्हाला कसं कळलं?"

"कसं कळलं म्हणजे? आईनं आत्ताच नाही का म्हटलं, चेंडू कुठे गेला, म्हणून?"

तिनं ती जागा पुन्हा एकदा ऐकली. मग हळूच म्हणाली, "काका, रागावणार नसाल तर एक करू या?"

मी कशाला रागावतोय, म्हणालो. मी रागावणार हे दोघांनाही माहीत होतं.

तिनं त्या दहा मिनिटांतून ठमीच्या बोलण्याचे वीस तुकडे कापले. नुसती ठमी. आधी आई काय म्हणाली, नंतर काय म्हणाली, सगळं काढून टाकलं. तुकड्यांचा क्रम उलटसुलट केला आणि माझ्यासमोर कोरा कागद ठेवला. मी हेडफोन लावले. पहिला तुकडा ऐकला, पुन्हा ऐकला. दुसरा. तिसरा तर चारदा लावला. स्वर होते, चढउतार होते, लाडीगोडी होती, हट्ट होता, पण शब्द नव्हते. हे मीच लिहिलं होतं. याच आवाजांपुढे मी ‘चेंडू’, ‘टोपी’, ‘खिडकी’, ‘पाणी सांडलं’ असं बिनदिक्कत लिहिलं होतं. वीसपैकी चार ओळखता आले.

"हेडफोन बिघडलेत," मी म्हणालो.

"असतील," ती म्हणाली. "हे माझे घ्या."

तिच्या हेडफोनवरही चारच. मग तिनं न विचारता जुनं, अठराव्या महिन्याचं रेकॉर्डिंग उघडलं, त्याचे वीस तुकडे तसेच कापले, उलटसुलट केले. त्यातले सतरा मी झटक्यात सांगितले. अठराव्या महिन्यात शब्द थोडे होते, पण होते. तोतरे, बोबडे, पण रस्त्यावरच्या माणसालाही कळतील असे.

मला भयंकर राग आला. त्या पोरीचाच आला, खोटं कशाला बोलू? तिनं कागद उचलले, ते नीट एकावर एक ठेवले आणि पाच वाजले तशी पर्स उचलून निघून गेली. मॅडमकडे गेली नाही. उलट जाताना दारातून म्हणाली, "मी कोणाला बोलले नाहीये काका." तो शुक्रवार होता.

शनिवारी विभाग दुपारपर्यंत उघडा असतो, पण येत कोणी नाही. मी सकाळी आठला जाऊन बसलो. एकोणिसाव्या महिन्यापासूनची माझी सगळी पानं काढली. प्रत्येक पानाला उजवीकडे ‘इतर’ म्हणून एक रकाना असतो, त्यात आजूबाजूचं काय घडलं ते टिपायचं. माझ्याच हातचं टिपण मी वाचत गेलो. ‘आईने दुसऱ्या खोलीतून हाक मारली. उत्तर नाही.’ ‘आईने चार वेळा हाक मारली. उत्तर नाही. आई म्हणाली, लक्षच देत नाही, अगदी बापावर गेलीय.’ ‘टीव्हीचा आवाज मोठा. ठमी टीव्हीजवळ गेली.’ ‘दाराची बेल. ठमीने खेळ थांबवला नाही.’ सात महिन्यांत असं साठसत्तर वेळा लिहिलेलं होतं. मोत्यासारख्या अक्षरात. कोर्टात असतो तर एवढ्या पुराव्यावर शेंबड्या पोरानंही निकाल दिला असता.

ठमीला ऐकू येत नव्हतं. एकदम नाही, हळूहळू कमी होत गेलं होतं. जे कानावर नीट पडत नाही ते जिभेवर कुठून येणार? आधी शब्दांच्या कडा गेल्या, मग मधलं गेलं, उरले ते नुसते स्वर. आणि इकडे मी प्रत्येक महिन्याला तिचं राहिलेलं बोलणं पुरं करत गेलो. तिला काय हवंय ते मला कळायचं. कधी चेंडू, कधी टोपी, कधी आई जवळ हवी. कळायचं म्हणून लिहीत गेलो. तिची आईही तेच करत होती, पण ती आई होती, तिचं ते कामच होतं. मला तिथे बसवलं होतं ते समजून घ्यायला नाही, न कळलेलं सांगायला. मी फुल्या मारल्या असत्या तर एकविसाव्या, फार तर बाविसाव्या महिन्यात रेघ खाली आली असती आणि पत्र गेलं असतं.

बायकोची आठवण आली. तिनंही मला असंच समजून घेऊन घेऊन मुकं करून ठेवलं होतं. पण मी साठीचा होतो. मला साबण मागता आला नाही तर नाही. हिचं अजून सगळं मागायचं राहिलं होतं.

आता मी काय विचार केला तेही सांगतो. सांगायला लाज वाटते, पण पदरचं काही घालायचं नाही तसं गाळायचंही नाही. मी सव्विसाव्या महिन्याची नवी पानं घेतली आणि कडक लिहायला बसलो. जिथे कळलं नाही तिथे फुली. चारपाच तासांत कसाबसा अर्ध्या तासाचा भाग झाला, शब्द निघाले एकोणतीस. मनात म्हटलं, ठीक आहे. या महिन्यात रेघ खाली येईल. पुढच्या महिन्यात आणखी खाली येईल. मग नियमानं पत्र जाईल. मागच्या पानांबद्दल कोणी विचारणार नाही, पोरं कधीकधी मागे जातात. ती खिडकीवालीही सुटेल. आणि ठमी माझ्याकडेच राहील. फक्त दोन महिने थांबायचं.

खरं सांगायचं तर बाकीच्या कशाचीच मला फिकीर नव्हती. नाचक्की होईल, झाली असती. पण ठमी गेली तर मी कोणाचं ऐकायचं? माझ्या घरात फ्रिज सोडला तर कोणी आवाज करत नाही. 

मी पुढे ऐकत गेलो. दुपार झाली होती तिथे, रेकॉर्डिंगमध्ये. आई कपड्यांच्या घड्या घालत असावी, कपडे झटकल्याचा आवाज येत होता. ठमी काहीतरी म्हणाली. आई दुसऱ्या खोलीत गेली. ठमी पुन्हा तेच म्हणाली. आईनं तिकडून उत्तर दिलं, "आले गं, दोन मिनिटं." ते उत्तर मला ऐकू आलं, ठमीला नाही. तिनं एकदा विचारल्यासारखा आवाज काढला, आणि मग ती गप्प झाली. मी वाट बघितली. नुसता श्वास. खेळण्याचं काहीतरी जमिनीवर घासत होतं, पुढे, मागे. अठराव्या महिन्यात ही पोरगी जागेपणी सहा मिनिटांच्या वर कधी गप्प राहिली नव्हती. मी घड्याळ लावलं. सत्तेचाळीस मिनिटं ती काही बोलली नाही. रडलीसुद्धा नाही. उत्तर येत नाही हे तिनं स्वीकारलं होतं, आणि ती त्या खोलीत एकटी खेळत होती.

ती शांतता मला अनोळखी नव्हती. मी रोज संध्याकाळी सहा वाजता कुलूप काढून तिच्यातच शिरतो. दोन वर्षांच्या पोरीला मी तिथे आणखी दोन महिने ठेवणार होतो, का, तर मला सोबत म्हणून.

मॅडमचा नंबर भिंतीवर चिकटवलेला होता. मी फोन लावला.

"मॅडम, ते सतराचं..." मी म्हणालो आणि थांबलो.

"सतराचं काय काका?"

त्या काही माझी बायको नव्हत्या. मला पुरी वाक्यं बोलावी लागली. "सतरा नंबरला ऐकू येत नाहीये. सात महिने झाले. माझी सात महिन्यांची पानं चुकीची आहेत, त्यात तिचे शब्द नाहीत, माझे आहेत. नवीन मुलीचा कागद बरोबर आहे. त्या घरी आजच फोन करा. पत्र पाठवू नका, फोन करा."

"सात महिने?" त्यांनी विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "तिथेच थांबा, मी येते." अर्ध्या तासात आल्या, घरच्या कपड्यांतच. त्यांनी ते वीस तुकडे ऐकले, माझा ‘इतर’ रकाना वाचला आणि आतल्या खोलीत जाऊन त्या घरी फोन केला. बाहेर आल्या तेव्हा ओरडतील असं मला वाटलं होतं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"काका," त्या म्हणाल्या, "तिला आई आहे, बाप आहे. तिला समजून घेणारी माणसं भरपूर आहेत. आम्हाला तिच्यासाठी एक परका माणूस हवा होता."

मी सतराच्या सगळ्या फायली उचलून त्यांच्यासमोर ठेवल्या. दुसरं काय करणार होतो?

सोमवारी ठमीच्या सगळ्या फायली खिडकीवालीच्या टेबलावर गेल्या. आलेखावरची ती रेघ मॅडमनी अठराव्या महिन्यापर्यंत ठेवली आणि पुढची पुसून टाकली. मी त्या मुलीसमोर जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "माझं चुकलं. तुला बोलणी खावी लागली." ती म्हणाली, "जाऊ द्या हो काका," आणि माझ्यासाठी खुर्ची ओढली. मी बसलो नाही. मला एकतीस नंबर दिला होता, पाच महिन्यांचं बाळ, दिवसभर भोकाड पसरायचं आणि मधूनच ‘अग्गं’ करायचं. मी फुल्याच फुल्या मारत सुटलो. आता मॅडमना माझ्या कागदात शोधूनही एक शब्द जास्तीचा सापडला नसता.

महिनाभरानं एकदा जिन्यात भेटल्या तेव्हा मॅडम थांबल्या. सांगायला नको होतं, पण त्यांनी सांगितलं. पोरीच्या दोन्ही कानांच्या पडद्यांमागे पाणी साचलं होतं. सारखी सर्दी व्हायची ना, त्यातून. लहानसं ऑपरेशन झालं. ऐकू येईल. बोलणं मागे पडलंय ते भरून काढायला वेळ लागेल, पण लागू दे. मी बरं म्हणालो आणि जिना उतरलो. खाली आल्यावर आठवलं की मला वर जायचं होतं.

त्यानंतरचे महिने कसे गेले विचाराल तर गेले. माझ्या समोरच्या टेबलावर ठमी बोलत होती आणि मला काही ऐकू येत नव्हतं. दिसायची ती फक्त खिडकीवाली, हेडफोन लावलेली. कधी ती भुवया उंचावायची, कधी खुदकन हसायची, कधी पेन्सिल भराभरा चालायची. पहिल्या दोन महिन्यांत पेन्सिल फार थांबत होती. मग थांबेनाशी झाली. मी तिला एकदाही काही विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं म्हणूनच विचारलं नाही. संध्याकाळी घरी जायचो, दिवा लावायचो. तोंडातून काही निघायचं नाही.

आठ महिने झाले. आमच्याकडे असा नियम आहे की एखादी जागा तीनदा ऐकूनही कळली नाही तर फुली मारण्याआधी खोलीतल्या दुसऱ्या माणसाला एकदा ऐकवायची. त्या दिवशी खोलीत दुसरा माणूस मीच होतो. खिडकीवालीनं दारापलीकडे नजर टाकली, मग माझ्याकडे बघितलं.

"काका, जरा येता?"

"कोणता नंबर?" मी विचारलं. मला दिसत होता.

"या ना."

मी तिच्या टेबलाशी जाऊन बसलो. हेडफोन अजून गरम होते. तिनं थोडं मागून सुरू केलं.

मी ओळखलंच नाही. आधी वाटलं, घरी कोणी दुसरी मुलगी आलीय. "नको, निळा नको, तो फाटलाय. आई, मला लाल दे. अगं आई, तो लाल नाहीये, तो भगवा आहे!" चौतीस महिन्यांची. एक अक्षर गळत नव्हतं. आई दुसऱ्या खोलीतून काहीतरी म्हणाली, आणि लगेच, श्वास घेण्याआधी, हिनं तिकडे उत्तर भिरकावलं. "होऽऽ, घातली चप्पल!" मी खिडकीकडे तोंड केलं. पोरीनं समजूतदारपणे पेन्सिलीला टोक काढायला घेतलं.

मला सगळं कळत होतं. पण त्यात माझं काही कौशल्य नव्हतं. जिन्यावरच्या शिपायाला बोलावून ऐकवलं असतं तर त्यालाही कळलं असतं.

"आता बघा," खिडकीवाली म्हणाली. "इथे."

आई जवळ आल्याचा आवाज झाला. ठमी म्हणाली, "थांब. खाली बस ना. तुझ्या कानात सांगायचंय." कापड घासलं गेलं. आणि मग ती कुजबुजली.

कुजबुज. ज्याला ऐकू येत नाही त्याला हलकं कसं बोलायचं ते समजणार कसं? आवाज दाबायचा, तो एकाच कानापर्यंत पोचवायचा, दुसऱ्या कोणाला कळू द्यायचा नाही, हे करायला आधी स्वतःचं बोलणं नीट ऐकू यावं लागतं. मी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरले. नुसती हवा होती. सुसू, फुसफुस, तीनचार शब्दांएवढी लांब. मग आई एकदम हसली आणि म्हणाली, "खरंच? कधी?" आणि ठमी खिदळली.

"तीनदा ऐकलं मी," मुलगी म्हणाली. "मला काही सुटत नाहीये. तुम्ही तिला ओळखता काका. काय म्हणाली असेल?"

मी पुन्हा लावलं. आणखी एकदा लावलं. काय म्हणाली असेल? तिला काय आवडतं मला माहीत होतं, कशाला भिते माहीत होतं. आई अशी कशाला हसते तेही माहीत होतं. जमतील अशा चार गोष्टी तिथल्या तिथे सुचल्या, आणि त्यातली एक तर इतकी चपखल बसत होती की माझा हात पेन्सिलीकडे गेलासुद्धा.

"काय हो?" तिनं विचारलं.

"ते आपल्यासाठी नाहीये," मी म्हणालो आणि हेडफोन काढून तिच्या हातात दिले.